मागच्या बाजूचा हात

पंचमीच्या दिवशी चुलीवर तवा ठेवायचा नाही, विळीला हात लावायचा नाही, भुईत कुदळ घालायची नाही, हे शेलारांच्या घरात कडक पाळलं जायचं. जिभा चालवायच्या नाहीत असं मात्र कुणी सांगून ठेवलं नव्हतं, त्यामुळं सकाळपासून सोप्यात त्याच चालल्या होत्या.

बयाबाई आत पुरणाची दिंडं वळत होती आणि तिचे कान बाहेर होते. दोनदा पुरण सांडलं. उकडायची चाळण पातेल्यावर ठेवली आणि पातेल्यात पाणी घालायलाच विसरली. कालपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाहेर एका बाजूला नवरा लालासाहेब, दुसऱ्या बाजूला पोटची पोर सुला. आणि जिच्यापायी हे सगळं पेटलं ती सासू हरणाबाई परड्यात बसून निवांत ज्वारी निवडत होती, जसं काही भांडण शेजारच्या घरात चाललंय.

चावडीपुढं हंबीरराव शेलारांचं स्मारक उभं राहिलं होतं. कोयनेचा भूकंप झाला त्या वर्षी म्हातारबा गेले, आणि तेव्हापासून लालासाहेबांनी वडिलांच्या स्मारकाचा ध्यास घेतला होता. उद्या स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं पुरी होणार, सांगलीहून मोठे पाहुणे येणार आणि बेलखोपच्या स्मारकाचं उद्घाटन होणार. पुढं हंबीररावांचा फेटेवाला पुतळा. डाव्या-उजव्या अंगाला बंदुका घेतलेले चळवळीतले गडी. राहिली मागची बाजू. बेलखोपात चावडीपुढनं बायांनी चालायचं नाही, मागच्या बोळानं जायचं असा रिवाज. म्हणजे मागची बाजू पाहुण्यांना दिसणार नाही आणि फोटोतही येणार नाही. ती लालासाहेबांनी मोठ्या मनानं आपल्या लेकीला दिली. सुला सांगलीला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होती. "तुजं कोल्लापूरला शिकल्यालं काम हितं दाव," ते म्हणाले होते. "एखादी भारतमाता काढ."

सुलानं उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर पोत्यांच्या आडोशाला काम केलं, आणि काल पोती निघाली. भारतमाता कुठंच नव्हती. सिमेंटच्या भिंतीतनं कोपरापासनं वर एक हात आला होता. मनगटात बांगड्या, कोपराखाली तुळशीवृंदावन आणि विंचवाचं गोंदण, आणि वर आवळलेली मूठ. मुठीत आरपार भोक होतं. त्यातनं कासरा म्हणून लोखंडाची वळवलेली सळई ओवायची होती. सळई कालच लालासाहेबांनी विहिरीत टाकली. आज हाताची पाळी होती.

"आबांच्या स्मारकावर बाईचा हात?" लालासाहेबांचा आवाज परड्यापर्यंत जात होता. "लोक काय म्हनतील? हंबीररावांची बायकू गाडी हाकत व्हती, मग हंबीरराव कुटं व्हते?"

"कडब्याखाली," सुला म्हणाली. "बंदुकांच्या शेजारी."

बेचाळीसच्या चळवळीनंतरचं साल होतं ते, पत्री सरकारचे दिवस. कडब्याखाली बंदुका घालून हंबीररावांनी पोलिसांच्या डोळ्यांदेखत गाडी हाकत नेली, ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. शाळेच्या गॅदरिंगला ती दर साली व्हायची. लालासाहेबांनी तर ती इतक्या भाषणांत सांगितली होती की सांगताना आता त्यांचा हात आपोआप चाबूक मारल्यासारखा हवेत जायचा.

"सुला, तोंड आवर," तिचा चुलता नानासो म्हणाला. तो फौजेत हवालदार, बांगलादेशची लढाई मारून आलेला, रजेवर होता. "लीडरला छुपावंच लागतं. त्यात आबांचा कमीपना न्हाई."

"मग तेच दाखवू या की, काका."

"आगं, दाखवायची येक रीत असती. पुढं आबा मिशीला पीळ देऊन हुबं आन मागं आजी गाडी हाकती. लोक हसतील की!"

"हसू द्या. आजीला कधी कुणी हसलंही नाही, काका. तिच्याकडं कुणी बघितलंच नाही."

"बाईनं कासऱ्याला हात लावल्याला कुनी ऐकलाय का ह्या गावात?" लालासाहेब कडाडले. "आवताला बाईचा हात लागला तर इटाळ म्हनून बैल धून घेत्यात आपल्या घरात! आकाराम, छिन्नी आन."

आकाराम गवंडी उंबऱ्याबाहेर उभा होता. त्यानं हात जोडले. "मालक, आज पंचमी. आज भुई उकरत न्हाईत, आन मी दगडाला छिन्नी लावू? माज्या घरात बारकी पोरं हायती. उद्या तांबडं फुटायला उडवतो. पाव्हनं यायच्या आत वर गिलावा मारून मोकळा."

लालासाहेबांनी हे कबूल केलं. दुसरं करणार काय? नागाच्या दिवशी छिन्नी चालवायला त्यांचीही छाती नव्हती. म्हणजे हाताला आजचा दिवस मिळाला. आत बयाबाईनं चाळणीवरचं दिंड उघड्या हातानं उचललं आणि बोटं पोळून घेतली.

ती तशीच परड्यात आली, बोटं तोंडात घालून.

"आत्याबाई, तुमी तरी येक शबूद बोला. तुमच्या हाताचं चाललंय."

हरणाबाईनं सुपातली ज्वारी पाखडली. "माजा हात हाय की हितं. सिमिटाचा उडवला तर मला का दुकनार हाय?"

"मग सुलाला हात दिला कशाला? भर उनाळ्यात दुपारभर त्या प्लॅस्टरात बसला की."

"गार वाटत व्हतं."

बयाबाईला हसावं की रडावं कळेना. ती सासूच्या पुढ्यात बसली. चोवीस वर्षं एका चुलीवर काढली होती दोघींनी. ही म्हातारी केव्हा बोलणार आणि केव्हा नुसतीच पाखडत राहणार हे तिला कळायचं. ती वाट बघत राहिली.

"बया," हरणाबाई शेवटी म्हणाली, "हात चालला आसता. मूठ नको व्हती. मूठ बघितली की लालाला ती सकाळ आठवती."

"कंची सकाळ?"

"गाडी लालानं हाकायची ठरली व्हती." हरणाबाईनं सुपातला एक खडा बोटानं बाजूला केला. "पंदरा वर्साचा व्हता. बैल त्याच्या हातचं. मी पोट घिऊन मागं बसायची, म्हंजी म्हायेराला निगाल्यावानी दिसंल. नानाच्या येळंला सातवा लागला व्हता. ह्यास्नी कडब्यात घातलं, वर पेंड्या रचल्या. मी म्हनलं, लाला, कासरा धर. मागं बघती तर लाला न्हाई. ज्वारी पुरुसभर वाढल्याली. त्यात पळाला व्हता."

बयाबाईची बोटं तोंडातनं कधी निघाली ते तिला कळलं नाही.

"मग वं?"

"मग काय? बैल जुपल्यालं, आन पोलिसांस्नी सुगावा लागल्याला. बाईनं कासऱ्याला शिवू नये म्हनत्यात, पन बैलास्नी कुटं ठावं असतंय? हाकली. वढ्यावर पोलिसांनी आडवलं. म्हनलं, माजा दादला तुमीच पळवून लावलाय, म्हनून ह्या पोटासकट मी हाकती. लाज वाटत आसंल तर या, तुमी हाका. त्यातला येकजन माज्याच वयाचा व्हता. त्यानं मान खाली घातली आन जा म्हनला."

"आन हे तुमी कुनाला सांगितलं न्हाई?"

"सुलाला गाडीचं सांगितलं. लालाचं न्हाई. त्यो भाषनात म्हनाय लागला, आबानं गाडी हाकली. म्हनलं, म्हनू दे. पोराचं आयनं झाकायचं न्हाई तर कुनी झाकायचं?"

बयाबाई उठली, पण तिला आत जाववेना. लग्न झाल्यापासनं नवरा बैलगाडीत कायम मागं बसतो, कासरा गड्याच्या हातात, हा तिला शेलारांचा ताठा वाटत आला होता. जत्रेत इतर बाप्ये आपापल्या गाड्या मिरवत पळवायचे आणि हे मागं तक्क्याला टेकून. उद्या पाहुण्यांना वेशीतनं मिरवत आणायची गाडी हाकायलाही धुळा गड्याला सांगून ठेवलं होतं. एवढ्या वर्षांत तिला एकदाही शंका आली नाही. तिला नवऱ्याचा राग यावा तर दया आली, आणि दया यावी तर पुन्हा राग आला.

पण हात वाचवायला हवा होता. सुला लहानपणी भिंतीवर कोळशानं चित्रं काढायची तेव्हा बयाबाईनं तिला मारलं होतं, आणि सगळी चित्रं शेणानं सारवून टाकली होती. हे एक पुसू द्यायचं नाही, असं तिच्या मनानं घेतलं. कसं, ते मात्र सुचत नव्हतं.

सुचलं ते दुपारी. गावातल्या बाया नवी लुगडी नेसून, ताटात हळदकुंकू, लाह्या, दूध घेऊन वारुळाला निघाल्या. पाऊस नव्हता, पिकं करपून गेली होती, निम्म्या बायांच्या हातांना दुष्काळी कामावरची खडी फोडून घट्टे पडलेले. पण पंचमी ती पंचमी. बोळातनं जाताना बयाबाई सगळ्यांच्या पुढं होती. हातासमोर आल्यावर तिचे पाय थांबले. कुंकू लागलेल्या दगडाला आकाराम छिन्नी लावणार नाही. आकारामच काय, गावातला कुणीच लावणार नाही. तिनं इकडंतिकडं बघितलं, चिमूट भरली आणि सिमेंटच्या मनगटावर हळद लावली, कुंकू लावलं, पायथ्याला लाह्या वाहिल्या. सासूला तिनं आजवर एवढ्या मनापासून कधी नमस्कार केला नव्हता.

मागं म्हातारी अंबूबाई होती, गावातली सगळ्यांत जुनी बाई. तिनं डोळे बारीक केले. "सतीचा हात दिसतूय! आगं बया, तुमच्या घरात सती कवा गेली?"

मारुतीच्या देवळामागं एक सतीचा दगड होता, कोपरातनं वर आलेला बांगड्यांचा हात. दगडातली बाई म्हणून बेलखोपच्या बायांनी जन्मभर तेवढीच पाहिली होती. तो पंजा उघडा आणि ही मूठ बंद, एवढं कोण बघत बसतं? बयाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. नाही म्हणावं तर कुंकवाला अर्थ राहत नाही. ती गप्प बसली आणि तिथंच चुकली.

सांज होईस्तोवर हात कोपरापर्यंत लाल-पिवळा झाला. कुणी नारळ फोडला, कुणी हिरवा चुडा वाहिला. जिला मूल होत नव्हतं तिनं ओटी भरली. गोंदणातला विंचू कुंकवाखाली बुडाला आणि मुठीचं भोक लाह्यांनी बुजलं.

लालासाहेब दिवेलागणीला घरी आले ते हसतच. कालपासनं त्यांच्या तोंडावर हसू बघितलं नव्हतं, म्हणून बयाबाईला आधी बरं वाटलं.

"आकारामाला सांगून आलोय, हात उडवू नको," ते फेटा खुंटीला लावत म्हणाले. "उलट वर छत्री बांधू, घडीव दगडाची. उद्या पाव्हन्यांस्नी सांगायचं, ही शेलारांच्या घरान्यातली सती. बाया रांग लावत्यात तितं! आरं नाना, पुढं आबा, मागं सती. ह्यापरास शोभा कंची पायजे?"

बयाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. सुला नुकतीच विट्याहून पताका घेऊन आली होती. तिच्या काखेत अजून कागदाची भेंडोळी होती.

"कुंकू कुणी लावलं?" तिनं विचारलं.

मग ती आईकडं वळली.

"आई, कुणी लावलं?"

"मी लावलं," बयाबाई म्हणाली. "तुजा हात वाचावा म्हनून. उद्या छिन्नी लावनार व्हतं, सुले. कुंकवाच्या दगडाला कोन हात लावत न्हाई."

"वाचला की." सुलाचा आवाज अगदी बारीक झाला. "हात वाचला आणि आजी गेली. आई, अगं, जी जळाली नाही तिचा हात होता तो! नवऱ्याला मरू दिलं नाही, कडब्यात घालून जिवंत घेऊन आली. आणि तू तिला नवऱ्यामागं जाळून टाकलीस. ह्यापेक्षा आकारामाची छिन्नी बरी होती. आता मीच फोडते."

तिनं भेंडोळी खाली टाकली आणि ती दाराकडं निघाली. नानासो आडवा झाला.

"थांब पोरी." मग तो आईकडं वळला. हरणाबाई भिंतीला टेकून बसली होती. "आये, त्या गाडीत मी पन व्हतो न्हवं?"

"सातवा लागला व्हता."

"म्हंजी पैली लढाई मी तुज्यासंगट मारली." तो थोडा हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. "आन सकाळी मीच म्हनलो, लोक हसतील. दादा, ह्ये सतीबिती काय खरं न्हाई. आये जित्ती हितं बसलीया. तिच्या हाताम्होरं उद्या मी सलाम ठोकायचा, आन पाव्हन्यांस्नी सांगायचं की आमची आय जळून मेली? ह्ये मला जमायचं न्हाई."

"मग खरं काय?" लालासाहेब एकदम ओरडले. "सांग की आये! काय खरं हाय ते सगळं सांग!"

त्यांचा आवाज रागाचा होता. नानासोला रागाचाच वाटला, सुलालाही. बयाबाईनं मात्र नवऱ्याचे डोळे बघितले. पायात काटा मोडलेलं पोर आई सुई घेऊन येताना बघतं, तसे ते बघत होते.

हरणाबाईनं लेकाकडं बघितलं.

"जेवून घ्या," ती म्हणाली.

त्या रात्री घरात कुणाचा डोळा लागला असेल तर तो फक्त गोठ्यातल्या बैलांचा.

सकाळी झेंडावंदन झालं. पोरांनी प्रभातफेरी काढली. चावडीपुढं पाहुण्यांसाठी गाडी सजवून उभी होती, बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झुली. धुळा बैल जुपून वेशीकडं निघायच्या बेतात होता. पुढच्या अंगाला बाप्ये जमले होते, लालासाहेब पांढऱ्याफेक कपड्यांत इकडून तिकडं करत होते. मागच्या बोळात बायांची रांग होती, कालच्यापेक्षा मोठी.

बयाबाई रांगेत शिरली नाही. ती सरळ पुढं गेली. तिच्या कमरेवर पाण्यानं भरलेली कळशी होती. त्या वर्षी पाण्याची कळशी म्हणजे काय चीज होती हे प्रत्येक बाईला ठाऊक, त्यामुळं सगळ्यांच्या नजरा आधी कळशीवर गेल्या. तिनं पदराचा शेव भिजवला आणि हाताच्या कोपरावर ठेवला. पहिल्याच फटकाऱ्याला कुंकवाचा लाल ओघळ खाली आला.

रांगेतनं एकदम कालवा उठला. अंबूबाईनं तिचं मनगट धरलं.

"बया, खुळी झालीस का? सवाष्ण बाई तू, कुंकू पुसतीस? नवरा तितं हुबा हाय तुजा!"

बयाबाईचा हात थांबला. खरंच थांबला. कालवा ऐकून लालासाहेब बोळाच्या तोंडाशी आले होते, त्यांच्या मागं नानासो आणि सुला. बयाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. इतका वेळ ही एकच गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. ह्यांचं काही बरंवाईट झालं तर? तिचा पदर त्या ओल्या सिमेंटवर तसाच चिकटून राहिला. पुढंही जाईना आणि मागंही येईना.

तेवढ्यात पुढच्या अंगाला बाप्ये बाजूला सरकले. चावडीपुढनं हरणाबाई चालत येत होती. जन्मात ती त्या वाटेनं आली नव्हती. पायात वहाणा होत्या आणि त्या तिनं हातात घेतल्या नाहीत. लोकांना तिला अडवायचंही सुचलं नाही, रामराम करायचंही सुचलं नाही.

ती सुनेपाशी आली आणि तिच्या हातातनं पदर सोडवला.

"सर बया. ह्ये काम तुजं न्हवं. माजं कवाच पुसून झालंय, आता पुसून माजं आनिक काय जायाचं न्हाई."

तिनं कळशी तिरकी केली. पाणी हातावरनं ओघळलं आणि लाल होऊन बोळातल्या फुफाट्यात जिरलं. ती अंगठ्यानं घासत राहिली, घरात पितळेचं भांडं घासावं तशी, चेंगटपणा न करता. हिरवा चुडा तिनं उचलून अंबूबाईच्या हातात दिला. तुळशीवृंदावन वर आलं. मग विंचू आला. मग तिनं आपल्या लुगड्याचा पदर मागं सारला आणि आपला हात कोपरातनं वर करून त्या हाताशेजारी धरला.

सुलानं सिमेंटात घासून काढलेल्या सुरकुत्या ह्या हातावर होत्या, विंचू जरा आक्रसला होता. पण तोच विंचू, तेच वृंदावन.

"आगं बाई!" अंबूबाई म्हणाली. "ह्यो तर हरणीचा हात!"

"व्हय. आन जळाल्याला न्हाई."

सुला रडायला लागली होती. हरणाबाईनं मुठीतल्या लाह्या करंगळीनं उकरून काढल्या, भोकातनं पलीकडं बघितलं. मग मान वर केली.

"लाला," ती म्हणाली, "कासरा आन."

धुळा गाडीकडं धावला. "तू न्हवं," हरणाबाई म्हणाली, आणि धुळा जागच्या जागी थांबला.

लालासाहेब उभे होते. बयाबाईला वाटलं, आपण असेच शब्द काल परड्यात ऐकलेत, आणि ह्या माणसानं ते पंधराव्या वर्षी ऐकलेत, बहुतेक ह्याच आवाजात. वेशीकडनं पाहुण्यांच्या मोटारीचा हॉर्न वाजला. लालासाहेबांची नजर बोळाच्या पलीकडं गेली, रानाकडं. तिथं ज्वारी होती. पण ह्या सालची ज्वारी गुडघ्याएवढीच होऊन वाळली होती, तिच्यात कुणाला लपता आलं नसतं.

"आवं," बयाबाई हळूच म्हणाली, "जावा."

ते वळले. सगळ्यांना वाटलं, पाहुण्यांकडं निघाले. पण ते गाडीपाशी थांबले, बैलांच्या तोंडाशी गेले आणि वेसणीपासनं कासरा सोडायला लागले. गाठ सुटेना. नानासो पुढं होणार तेवढ्यात बयाबाईनं त्याला हातानं थांबवलं. अखेर गाठ सुटली आणि लालासाहेब कासरा घेऊन चालत आले, पांढऱ्या कपड्यांना बैलांच्या तोंडाचा फेस लागलेला.

हरणाबाईनं कासऱ्याचं टोक घेतलं आणि सिमेंटच्या मुठीतनं ओवलं. ते अगदी नीट बसलं. सुलानं माप घेताना हाच कासरा धरला होता.

"पोरगं व्हतास रं तवा," ती लेकाला म्हणाली, त्याला आणि शेजारी उभ्या बयाबाईला ऐकू येईल एवढ्याच आवाजात. "पंदरा वर्साचं पोरगं भ्यालं, त्यात कसली लाज? पन त्यापायी माजा हात कापू नगं."

लालासाहेबांनी मान हलवली.

हॉर्न पुन्हा वाजला. "आये, पाव्हनं वेशीत हायती," नानासो म्हणाला. "आन गाडीला कासरा न्हाई."

"चालत यिऊ द्या," हरणाबाई म्हणाली. "पाय हायती की त्यास्नी."

बायांत हसू फुटलं, आधी दबकत आणि मग मोकळं. पाहुणे वेशीतनं चालत निघाले, ताशावाल्यांनी ताशा धरला, माणसं तिकडं पळाली. स्मारक समितीचे अध्यक्ष कुठं आहेत म्हणून कुणीतरी हाका मारत होतं. लालासाहेब कासऱ्याचं दुसरं टोक धरून आईशेजारी उभे होते. बयाबाई त्यांच्या पायांकडं बघत होती. ते तिथनं हलले नाहीत.